खपली



इथे आपण बहुतेक जण जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितो. वाडे, गणपती, खंडेराव मार्केटातली भाजी, सुरसागरच्या काठावरच्या संध्याकाळी. मीही लिहिल्यात. आजचा विषय मात्र जरा विचित्र आहे. खपली. गुडघ्यावरची, कोपरावरची, बोटाच्या पेरावरची साधी खपली. हसू नका. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या घरात याच एका गोष्टीवर बोलणं चालू होतं, आणि त्या काळात मी जे वाचलं, विचारलं, डोळ्यांनी पाहिलं, ते आपल्या वयाच्या लोकांना उपयोगी पडेल असं वाटतं. मी बीकॉम झालेला माणूस. डॉक्टर नाही. तेव्हा जे लिहितो ते हिशेबनिसाच्या डोळ्याने लिहितो, एवढं लक्षात असू द्या.

आधी शब्दाबद्दल. खपली हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी येतो, जखमेवर आणि गव्हात. सौ.चं माहेर बेळगावचं, त्यामुळे खपली गहू आमच्या घरी दरवर्षी यायचा. त्या गव्हाचं टरफल दाण्याला इतकं चिकटून असतं की मळणीत सुटत नाही, वेगळं कांडावं लागतं. जखमेची खपलीही तशीच, वेळ झाल्याशिवाय सुटत नाही. आमच्या पोळीतल्या गुजराती मुलांचा शब्द वेगळा, ते भींगडुं म्हणायचे. आणि जखम बरी होऊ लागली की त्यांची आई म्हणायची, रूझ आवी गई. आपल्या मराठीत बी रुजतं, त्यांच्याकडे जखम रुझते. लहानपणी मला हे दोन्ही एकच वाटायचं. म्हणजे जखमेतून काहीतरी उगवणार आहे असंच वाटायचं. आता कळतं की ते फारसं चूक नव्हतं.

आमचं लहानपण दांडिया बाजारच्या बाजूला गेलं. बडोद्याला तालमींची कमी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. मी आमच्या पोळीजवळच्या एका छोट्या तालमीत जायचो, मल्लखांबासाठी. मल्लखांबाला एरंडेल चोळलेलं असायचं, तरी नवशिक्याच्या मांड्या, पोटऱ्या, घोटे सोलून निघायचेच. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर माझ्या दोन्ही गुडघ्यांवर कायम खपल्या. एक गळून पडते न पडते तो दुसरी. शाळेत मागच्या बाकावर बसून खपलीची कड नखाने उचलून बघायची हा आमचा आवडता उद्योग. कड उचलली की खाली गुलाबी कातडी दिसली तर पास, लाल ओलं दिसलं तर नापास, असा आमचा नियम होता. नापास झालं की शर्टाच्या टोकाने टिपायचं आणि गुपचूप बसायचं.

घरी आई असायची आणि तिच्यापुढे एक लाकडी पेटी. त्या पेटीत काय काय होतं सांगतो. टिंक्चर आयोडीनची तपकिरी बाटली, लाल औषध, जांभळं औषध, बर्नॉलची पिवळी ट्यूब, जुन्या धोतराच्या फाडून उकळून वाळवलेल्या पट्ट्या. टिंक्चर लावलं की जीव जायचा. झोंबतं ते त्यातल्या अल्कोहोलमुळे, हे नंतर कळलं. त्या वेळी आई म्हणायची, "झोंबतंय म्हणजे काम करतंय." आणि टिंक्चरचा आपल्या गावाशी संबंध जुना आहे. अलेंबिक कंपनी १९०७ मध्ये निघाली ती टिंक्चर आणि अल्कोहोल बनवण्यासाठीच. प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन ही त्यामागची माणसं. बडोद्याच्या मुलांनी गुडघ्यावर आग सोसायची ही परंपराच म्हणायची.

पेटीबाहेरची औषधं वेगळी. हळद तर होतीच. विळीवर बोट कापलं की आई आधी बोट तोंडात घालायची आणि मग हळदीच्या डब्यात. रानात, शेतावर कुठे गेलो तर दगडी पाला चुरगाळून त्याचा रस पिळायचा. कुणी कापड जाळून त्याची राख भरायचं, कुणी पानाच्या डब्यातला चुना, कुणी कोळ्याचं जाळं. तालमीत तर हौद्यातली लाल माती चोळायची पद्धत होती, त्या मातीत म्हणे औषधं घातलेली असतात. मातीचं मात्र आज हसण्यावारी नेता येत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच टिकून राहतात, वर्षानुवर्षं. आमच्या पिढीतले आपण वाचलो म्हणून माती चांगली असं होत नाही. जे वाचले नाहीत ते आज इथे लिहायला नाहीत, एवढाच फरक.

हळदीवरून आठवलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. माशेलकर मूळ गोव्यातल्या माशेलचे. त्या वेळी मी शाखेत होतो. पेपरात बातमी आली तेव्हा आमच्या हेड कॅशियरनी अख्ख्या स्टाफला पेढे दिले होते. पण एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. पेटंट रद्द झालं ते हळदीचा हा वापर नवा नाही म्हणून. स्वयंपाकघरातल्या डब्यातली, ओल्या चमच्याने रोज ढवळली जाणारी हळद उघड्या जखमेत भरावी असा त्याचा अर्थ होत नाही.

आता बँकेचं थोडंसं. १९७२ मध्ये मी कॅशियर-कम-क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा नोटांच्या गड्ड्यांना तारेच्या पिना मारलेल्या असत. मोठी पिन, तीही घट्ट. गड्डी सोडवताना नोटा फाटायच्या आणि बोटंही फाटायची. दिवसभरात नखाच्या बाजूला, पेराच्या मधे दहा-बारा टोचण्या सहज. वरून ओल्या स्पंजावर बोट लावून मोजणी. म्हणजे खपली धरायची संधीच नाही. ओरखड्यापेक्षा टोचणी वाईट, हे मी तिथे शिकलो. ओरखडा रुंद असतो पण उथळ, धुतला की स्वच्छ होतो. टोचणी वरून बंद होते आणि आत घाण राहते, मग बोट पिकतं, रात्रभर ठणकतं. शेवटी २००१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने बँकांना गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला सांगितलं, कागदी पट्ट्या आल्या. ते नोटा स्वच्छ राहाव्यात म्हणून केलेलं होतं, आमच्या बोटांसाठी नव्हे. पण फायदा बोटांनाही झाला.

तर आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी सौ. माळ्यावरचे डबे उतरवून घेत होती. मागे सरकताना लोखंडी कॉटच्या कोपऱ्यावर तिची डावी नडगी घासली. साधं लागणं. तरुणपणी असं लागलं असतं तर खरचटलं असतं, बस. पण सत्तरीनंतर कातडी पातळ कागदासारखी होते. त्यातून तिला चौदा वर्षांची मधुमेहाची सोबत आणि रक्त पातळ राहण्याची रोजची गोळी. कातडीचा एक तुकडा पाकिटाचं झाकण उघडावं तसा उचलला गेला. रक्त थांबेना. स्वच्छ रुमाल घडी करून मी तो दाबून धरला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मधेमधे उचलून बघायचं नाही, हे एक पथ्य. बघितलं की नुकती धरलेली गाठ सुटते आणि पहिल्यापासून सुरुवात. तिला मी म्हटलं, "मुदतठेव आहे, मुदतीआधी मोडायची नाही." ती हसली. तेव्हा हसण्यासारखंच वाटत होतं.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं ते बरोबर. जखमेवर एक पावडर भुरभुरवली आणि सांगितलं, उघडी ठेवा, हवा लागू द्या, पाणी लावू नका, खपली धरली की आपोआप बरी होईल. आपल्या सगळ्यांच्या घरात हेच सांगितलं जातं. ग्वाल्हेरहून आक्काचा फोन आला, ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तीही हेच म्हणाली, "अरे, झाकून ठेवू नकोस. झाकली की कुजते. वाळू दे."

वाळली. आठव्या दिवशी तिथे जाड, काळी, टणक खपली होती, जोड्याच्या तळव्यासारखी. बघणारे म्हणत, वा, धरली की खपली. पण कडा लाल होत्या, दाबलं की एका बाजूने पिवळसर ओल यायची, आणि संध्याकाळी पाय सुजायचा. सौ. काही बोलायची नाही. दिवाळीचं सगळं तिने उभ्याने केलं.

ती का बोलत नव्हती ते मला माहीत होतं. तिचे वडील, माझे सासरे, बेळगावात टिळकवाडीत राहायचे. शाळामास्तर. १९८६ मध्ये नव्या चपलेने त्यांच्या अंगठ्याजवळ फोड आला. त्यांना मधुमेह होता, आणि पायाला कळ लागत नव्हती. फोड फुटला, वर खपली धरली, मास्तर रोज चालत शाळेत गेले. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं सगळ्यांना वाटलं. खपलीच्या खाली काय चाललंय ते कुणालाच दिसलं नाही. दीड महिन्याने गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मी तेव्हा दाहोदला होतो, रजा काढून गेलो होतो. सौ. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती, वडिलांच्या पायातली ती चप्पल पिशवीत घालून. ती चप्पल तिने का आणली होती हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

भाऊबिजेच्या दिवशी मी तिला गाडीत घातलं आणि भाच्याने सुचवलेल्या एका सर्जनकडे नेलं. चाळिशीतला गुजराती डॉक्टर. त्याने आधी जखम बघितलीच नाही. पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी चाचपली, बारीक तारेने तळव्याला ठिकठिकाणी टोचून "काकी, खबर पडे छे?" असं विचारलं, दोन्ही पायांची बोटं उघडून बघितली. मग खपलीकडे वळला आणि म्हणाला, "काका, आ भींगडुं नथी, आ तो ढांकणुं छे." ही खपली नव्हे, हे तर झाकण.

त्याने जे समजावलं आणि मी नंतर जे वाचलं ते एकत्र सांगतो.

कातडी फाटली की रक्तातल्या चपट्या पेशी तिथे धावतात आणि एकमेकींना चिकटतात. मग फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात लाल पेशी अडकतात, रक्त थांबतं. हे जाळं हवेने वाळलं की खपली. म्हणजे खपली ही बूच आहे, पहिल्या दिवसाची गरज. पहिले काही दिवस जागा लाल, गरम, थोडी सुजलेली असते. पांढऱ्या पेशी साफसफाई करत असतात, ते वाईट लक्षण नाही. नंतर खालून नवं मांस भरतं, दाणेदार, लालबुंद. आणि नवी कातडी येते ती कडेकडून आणि केसांच्या मुळांपासून, ओलसर जागेवरून सरपटत. खरी गोम इथे आहे. ओलसर जागेवरून. वर टणक वाळलेलं असेल तर त्या नव्या पेशींना खाली खाली उतरून, कोरडा थर टाळून, खपलीच्या बुडाखालून वाट काढावी लागते. वेळ जास्त लागतो.

हे काही कालचं ज्ञान नाही. लंडनमध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ पॉलिथीन लावलं. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. १९६२ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं, पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं. १९६२ मध्ये मी तालमीत गुडघे सोलत होतो. साठ वर्षं झाली, आणि आजही दहातले नऊ जण सांगतात, वाळू दे.

तरी मी जुन्या लोकांना नावं ठेवणार नाही. उघड्या जखमेवर तेव्हा झाकायला काय होतं? मळकं फडकं. मळक्या फडक्यापेक्षा कोरडी खपली शंभर पटीने बरी. आणि आपल्याकडे तूप-मध लावायची रीत होतीच. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितलेत, त्यात लेपही आहेत आणि पट्टी बांधणंही आहे. जखमेला तूप लावणारी आजी आणि व्हॅसलीन लावायला सांगणारा आजचा त्वचारोगतज्ज्ञ यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. फरक स्वच्छतेचा.

डॉक्टरांनी ओली जाळीची पट्टी ठेवून दोन दिवसांत ते झाकण मऊ केलं आणि मग सावकाश उचललं. खाली पू होता, फार नाही. पण होता. औषधं दिली. आणि रोजचं काम मला शिकवलं. हे काम मीच करायचं ठरवलं, नर्स लावली नाही.

रोज सकाळी साडेनऊला. हात साबणाने धुवायचे, वीस सेकंद. उकळून कोमट केलेल्या पाण्याने जखम धुवायची, साबण फक्त भोवतीच्या कातडीला. स्वच्छ जाळीने टिपायचं, घासायचं नाही. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारी जाळी, वर हलकी पट्टी. चिकटपट्टी कातडीवर लावायची नाही, कारण तिची कातडी काढतानाच निघेल. टिंक्चर नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. पेरॉक्साइडला फेस येतो तेव्हा छान वाटतं, सगळी घाण बाहेर आली असं. पण तो जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतो. टिंक्चरचंही तेच. आमच्या पेटीतलं ते लाल औषध तर पाऱ्याचं संयुग होतं. अमेरिकेत १९९८ मध्येच ते सुरक्षित आणि गुणकारी औषधांतून वगळलं गेलं.

आणि मी एक वही घातली. बँकेतली सवय. रकाने आखले, तारीख, लांबी, रुंदी, रंग, ओल, सूज, सकाळची साखर. दर तिसऱ्या दिवशी पारदर्शक पट्टीने मापायचं. सुरुवातीची शिल्लक, बत्तीस मिलिमीटर गुणिले एकवीस. डॉक्टर म्हणाले होते, चार आठवड्यांत निम्मी झाली तर आपण बरोबर चाललोय, नाही झाली तर वेगळा विचार करू. हे वेगळा विचार म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. सौ.ने विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारलं, "अहो, खरं सांगा की. पाय राहील ना?"

तोपर्यंत तिने एकदाही वडिलांचं नाव काढलं नव्हतं. मी दिवा लावला, वही आणली, चष्मा लावून तिला आकडे वाचून दाखवले. बत्तीस-एकवीस, तीस-वीस, अठ्ठावीस-अठरा. "हे बघ, कमी होतंय," म्हटलं. "आणि तुझ्या पायाला टोचलेलं कळतं. नाडी लागते. दादांना दोन्ही नव्हतं." मी खोटा धीर देणारा माणूस नाही, हे तिला ठाऊक आहे. बँकेतले ग्राहक त्यावरून माझ्यावर रागवायचे. तिने वही माझ्या हातातून घेतली, रकान्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "साखर एकशे बेचाळीस आहे, ती खाली यायला पाहिजे." त्या दिवसापासून ती रोज वही स्वतः बघायला लागली आणि चहातली साखर मी न सांगता गेली.

चौथ्या आठवड्याला आकडा आला बावीस गुणिले चौदा. मी गुणाकार केला. सहाशे बहात्तरवरून तीनशे आठ. चोपन्न टक्के घट. आयुष्यात इतक्या बॅलन्सशीट टॅली केल्या, पण असा आनंद नाही झाला.

मधे सहाव्या आठवड्यात मात्र आकडा आठ दिवस हललाच नाही. पुतण्याच्या लग्नात ती दोन दिवस पाय लोंबते ठेवून खुर्चीवर बसली होती, सूज उतरेना. पाय उंचावर ठेवायचा, कमरेच्या वर, दिवसातून तीन-चार वेळा अर्धा अर्धा तास, हे पुन्हा कडक केलं. जेवणात डाळ, दही, पनीर वाढवलं. जखम भरायला माल लागतो, नुसत्या पट्टीने भिंत उभी राहत नाही, असं डॉक्टरच म्हणाले. मग पुन्हा आकडा उतरायला लागला. कडेकडून गुलाबी कातडी आत सरकताना दिसायची, ओहोटीला पाणी मागे जावं तशी लाल जागा लहान होत जायची. खाज सुटायला लागली. आमच्या आई-आज्यांचं एक म्हणणं खरं आहे, खाज येणं बहुधा बरं होण्याचं लक्षण असतं. पण खाजवायचं नाही. तिला मी भोवतीच्या कातडीला खोबरेल लावून द्यायचो आणि खाज फार झाली की वरून पट्टीवर नुसतं थोपटायचं.

याच काळात कुठेतरी वाचलं की बँड-एडचा जन्मही घरातच झाला. अर्ल डिक्सन हा जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये कापूस खरेदी करणारा माणूस. बायको स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घ्यायची, म्हणून १९२० मध्ये त्याने चिकटपट्टीवर जाळीचे तुकडे लावून ठेवले. तिला एकटीला एका हाताने लावता यावेत म्हणून. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "त्यापेक्षा भाजी चिरून दिली असती तर?"

संक्रांतीच्या दिवशी मापलं, आणि मापायला काही राहिलं नव्हतं. नाण्याएवढी चकचकीत, गुलाबी जागा. डॉक्टर म्हणाले, आता हिला वर्षभर सांभाळा. नव्या कातडीचं मूळ बळ कधीच पूर्ण परत येत नाही, खूप झालं तर ऐंशी टक्क्यांपर्यंत, तेही महिनोनमहिन्यांनी. म्हणून उन्हापासून झाकायची, कोरडी पडू द्यायची नाही. कॉटच्या चारही कोपऱ्यांना मी जुन्या सायकलची ट्यूब कापून गुंडाळली आहे. दिसायला वाईट दिसते.

आता सगळ्यांसाठी थोडं. धडधाकट माणसाला, मुलांना, किरकोळ खरचटलं असेल तर घाबरायचं कारण नाही. नळाखाली नीट धुवा, खडे-माती काढा, पातळ जेली लावा, झाका, रोज बदला. आणि खपली धरलीच असेल तर ती उपटायची नाही. ती स्वतः मऊ होऊन सुटेल. उपटली की खालची नवी कातडी तिच्याबरोबर जाते आणि डाग राहतो, माझ्या डाव्या गुडघ्यावर असे तीन आहेत. पण लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला, लाल रेघ वर चढताना दिसली, प्राण्याने चावलं असेल, खिळा खोल गेला असेल, तर घरी थांबू नका. भटक्या कुत्र्याने ओरखडलं तरी साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखान्यात. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. आपल्यापैकी कितींना आठवतं? मला नव्हतं.

आणि ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री पाय बघायचे. तळवे आरशात. बोटांच्या मधल्या फटी. दुखत नाही ही त्यांच्यासाठी चांगली बातमी नसते. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. देवळात अनवाणी चालायचं असेल तर दुपारच्या फरशीवर नको. हे मी सौ.च्या वडिलांच्या वेळी ऐकलं असतं तर त्यांना सांगितलं असतं. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात आक्का ग्वाल्हेरहून आली. ब्याऐंशीची आहे, पण नजर पक्की. आल्याआल्या चहा बाजूला ठेवून तिने सौ.चा पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला, अंगठ्याने ती गुलाबी जागा हलकेच दाबून बघितली.

"खपली कधी पडली?"

"धरलीच नाही, आक्का. झाकून ठेवली होती."

"काहीतरीच," आक्का म्हणाली. पण संध्याकाळी तिच्या पिशवीतून निघालेल्या आयोडीनच्या बाटलीबद्दल मी काही बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी विळीवर तिचं बोट कापलं तेव्हा तिने न मागता माझ्यापुढे बोट धरलं. मी धुतलं, जेली लावली, पट्टी लावली. तिने दोन-तीनदा विचारलं, झोंबत कसं नाही म्हणून.

ती वही अजून आहे. चोवीस नोंदी झाल्यावर खाली दुहेरी रेघ ओढून मी सही केली. उरलेल्या पानांवर सौ. आता दुधाचा हिशेब लिहिते.